पदवी हाती आली, पुढची वाट एकमेकांना विचारा!

एम.ए.चा निकाल लागतो. घरात पेढे वाटले जातात. आई विहारात जाऊन मेणबत्ती लावते. वस्तीच्या फलकावर खडूने अभिनंदन लिहिले जाते. आठ दिवस असे आनंदात जातात आणि नवव्या दिवशी बाप विचारतो, "आता पुढं काय रं?" या प्रश्नाचे उत्तर पोराकडे नसते. बापाकडे असण्याचा तर प्रश्नच नाही. त्याने आयुष्यभर हमाली केली, गवंडीकाम केले, पोराला शिकवले. त्याचे काम त्याने चोख केले. पुढचे कुणी करायचे?

प्रस्थापितांच्या घरात हा प्रश्न असा एकदम अंगावर येत नाही. तिथे काका प्राध्यापक असतो, मावशी बँकेत असते, शेजारच्या घरातला मुलगा परदेशात असतो. कोणती परीक्षा कधी द्यायची, कोणत्या मार्गदर्शकाकडे पीएच.डी. करायची, मुलाखतीला जाताना काय वाचून जायचे, हे सारे तिथल्या मुलांना जेवताना ताटावरच कळते. कोणत्याही अभ्यासक्रमात हे ज्ञान नाही. ते घरात आहे. आणि या देशात घर जातीत आहे! म्हणूनच गुणवत्ता समान असली तरी आमची पोरे दोन-तीन वर्षे मागे पडतात.

अर्थशास्त्रात पहिल्या वर्गात एम.ए. झालेली एक मुलगी मध्यंतरी आमच्याकडे आली. परदेशी शिष्यवृत्तीची जाहिरात वाचून तिने कागदपत्रे जमवायला सुरुवात केली होती. आम्ही विचारले, "बाई, विद्यापीठात प्रवेश मिळालाय का?" ती म्हणाली, "नाही सर. आधी शिष्यवृत्ती मिळू दे, मग प्रवेश बघू, असं वाटलं." तिची चूक काय? काहीच नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांचे पीएच.डी.चे अर्ज डिसेंबरच्या आसपास बंद होतात. सरकारी शिष्यवृत्तीच्या जाहिराती त्यानंतर येतात. म्हणजे जो जाहिरातीची वाट बघतो, त्याचे वर्ष गेलेच म्हणून समजा. ही गोष्ट तिला वर्षभर आधी सांगणारा एकही माणूस तिच्या ओळखीत नव्हता.

माहिती नसल्यामुळे असे नुकसान ठायी ठायी होते. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. परंतु २०२२ मध्ये नियम बदलून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील समाजशास्त्रीय अभ्यास हे विषय तिच्यातून वगळले गेले. जातिव्यवस्थेवर संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हे अर्ज भरून झाल्यावर कळून काय उपयोग? नेट परीक्षेचे गुण २०२४ पासून पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात, हेही अनेकांना उशिरा कळले. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. तरी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो की राज्याच्या, या घोळात आजही अर्ज अडकतात.

मग यावर उपाय काय? आमचे म्हणणे साधे आहे. जे घरात मिळत नाही, ते आपण एकमेकांना द्यायचे. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या सहा ते दहा मुलामुलींनी आठवड्यातून एकदा एकत्र बसायचे. जागा विहाराची, अभ्यासिकेची किंवा वसतिगृहातल्या खोलीची. भाषण नाही, हारतुरे नाहीत, पाहुणे नाहीत. एक वही आणि एक मोठे कॅलेंडर एवढेच सामान.

हे काही आम्ही नवीन सांगत नाही. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवाद वर्गात त्यांनी भारतातील जातींविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. सोबत शिकणाऱ्यांपुढे आपला विचार मांडणे हा त्यांच्या विद्यार्थिदशेचाच भाग होता. तिथेच नवल भथेना हे पारशी मित्र त्यांना भेटले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून बाबासाहेबांना परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेली पुंजी होती, शाहू महाराजांची मदत होती आणि भथेनांनी उसने दिलेले पैसेही होते. एवढ्या प्रकांड बुद्धीच्या माणसालाही सोबत्याचा हात लागला. मग आपण एकट्याने झुंजण्यात मोठेपणा का मानायचा?

मंडळात बसल्यावर करायचे काय? प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या. गेल्या आठवड्यात काय केले, कुठे अडले आणि पुढच्या आठवड्यात काय करणार. ते वहीत लिहायचे आणि पुढच्या बैठकीत त्याच वहीतून विचारायचे. कॅलेंडरवर नेट, सेट, शिष्यवृत्त्या, विद्यापीठांचे प्रवेश आणि आयोगाच्या परीक्षा यांच्या तारखा लाल शाईने लिहायच्या. एकाने आपला संशोधन आराखडा वाचायचा, बाकीच्यांनी त्यातल्या उणिवा काढायच्या. एकाने मुलाखत द्यायची, चौघांनी घ्यायची. जी मुलगी बैठकीत चार वेळा अडखळते, ती खऱ्या मुलाखतीत अडखळणार नाही. दर महिन्याला प्रत्येकाने परवडेल ते पैसे गंगाजळीत टाकायचे आणि ज्याची फी अडली असेल त्याला द्यायचे. बैठकीची वेळ मुलींना सोयीची ठेवायची. रात्री नऊला बैठक ठेवून "मुली येत नाहीत" असे म्हणण्यात काय अर्थ?

आता थोडे कडू बोलतो. यूपीएससीत अनुसूचित जातींच्या उमेदवारांना ३७ वर्षांच्या वयापर्यंत परीक्षेच्या संधींची मर्यादा नाही. हा आपला हक्क आहे आणि त्यावर कुणी बोट ठेवले तर आम्ही त्याला सोडणार नाही. पण मर्यादा नाही म्हणजे हिशेबही नको, असे नव्हे. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत आमची कितीतरी पोरे सात-सात, आठ-आठ वर्षे बसून आहेत. गावाकडे आईबाप म्हातारे झाले. बहिणीचे लग्न कर्ज काढून झाले. त्यातच अभ्यासक्रम बदलतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. एकट्या पोराला "आता थांब, दुसरी वाट धर" असे सांगायचे कुणी? घरच्यांना सांगता येत नाही. क्लासवाले सांगणार नाहीत, त्यांना फी हवी. हे फक्त सोबत बसणारा मित्रच सांगू शकतो. म्हणून मंडळाच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे एक तारीख लिहिलेली असावी. अमुक वर्षापर्यंत हा मार्ग, त्यानंतर दुसरा. आणि दुसऱ्या मार्गाची तयारी आजपासून. अधिकारी झाला नाही म्हणजे माणूस वाया गेला, हा समज आपण समाजातून काढून टाकला पाहिजे. कायदा, पत्रकारिता, भाषांतर, बँक, संशोधन संस्था, उद्योग, सगळीकडे आपली माणसे हवी आहेत.

खाजगी क्षेत्राचे तर बोलूच नका! तिथे आरक्षण नाही आणि अनेक जागा ओळखीने भरतात. वरिष्ठ महाविद्यालयांतही पूर्णवेळ जागा निघत नाहीत, म्हणून पीएच.डी. झालेले तासिका तत्त्वावर राबतात. अशा वेळी मंडळातला एक जण कुठे चिकटला, की त्याने दुसऱ्यासाठी खिडकी उघडी ठेवली पाहिजे. जागा निघाली की पहिला फोन मंडळात यायला हवा.

निकालाच्या दिवशीचा एक नियम मात्र कधीही मोडू नये. ज्याचे झाले त्याचे अभिनंदन उद्या. ज्याचे झाले नाही त्याच्या खोलीवर आज जायचे. हैदराबाद विद्यापीठाचा संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला जानेवारी २०१६ मध्ये आपल्याला सोडून गेला. सात महिन्यांची थकलेली फेलोशिप आणि मित्राकडून घेतलेले उसने पैसे, या दोन्हींचा उल्लेख त्याच्या अखेरच्या पत्रात आहे. व्यवस्थेने अडवले आणि मित्राने दिले. या दोन वाक्यांत आमच्या विद्यार्थ्यांची सारी कहाणी आहे.

म्हणूनच हेही ठणकावून सांगतो की मंडळ म्हणजे सरकारची जबाबदारी संपली असे नव्हे. फेलोशिप वेळेवर देणे, रिक्त जागा भरणे, वसतिगृहे चालवणे हे शासनाचे काम आहे आणि ते त्याच्याकडून करून घेतलेच पाहिजे. थकलेल्या फेलोशिपचा अर्ज दहा सह्यांनी गेला, तर एका सहीपेक्षा त्याला वजन येते. मंडळाचा तोही उपयोग आहे.

समाजातल्या नोकरदारांनाही आमचे एक मागणे आहे. १४ एप्रिलला वर्गणी देता, चांगली गोष्ट. आता वर्षातून दोन रविवारही द्या. विहारात येऊन या मुलांसमोर बसा. तुम्ही कसे शिकलात, कुठे फसलात, ते प्रामाणिकपणे सांगा. सत्कार घेऊ नका, अर्ज तपासा.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. यातले "संघटित व्हा" आपण मोर्चापुरते ठेवले. ते अभ्यासाच्या टेबलावरही आणले पाहिजे. येत्या रविवारी चार जणांना फोन करा, एक वही विकत घ्या आणि बसा. पुढच्या वर्षी आपल्या वस्तीतल्या एखाद्या बापाने "आता पुढं काय?" विचारले, तर त्याच्या पोरीने वही उघडून तारीख दाखवावी.

जय भीम!