मार्गदर्शकाचे आत्मपरीक्षण

शाळेची तपासणी व शिक्षकास मार्गदर्शन ही दोन भिन्न कामे होत. तपासणीत दप्तर पाहून शेरेबुकात शेरा लिहिता येतो. मार्गदर्शनात शिक्षकाच्या अडचणीशी समरस व्हावे लागते. शाळांना जवळच देखरेख व मार्गदर्शन लाभावे, म्हणून महाराष्ट्रात १९९४ साली केंद्रप्रमुखाचे पद निर्माण झाले. परंतु इतरांचे पाठ पाहणाऱ्याचे पाहणे कोणी पाहावे?

समजा, चांदूर बाजार तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेत पाठनिरीक्षण झाले. संत्र्याच्या तोडीचे दिवस. कित्येक मुले आईबापांबरोबर मळ्यात. वाचन मागे पडलेले पाहून ‘प्रयत्न अपुरे’ असा शेरा पडला व शिक्षक गप्प राहिला. मार्गदर्शकाने त्याच सायंकाळी अनुभवी सहकाऱ्यापाशी बसून पुढील प्रश्नांचा विचार केला, तर चित्र पालटते :

१. मी प्रत्यक्ष काय पाहिले?
२. त्यावरून काय गृहीत धरले?
३. शिक्षकास बोलू दिले काय?

मग पुढील भेटीत शेऱ्याऐवजी गैरहजर मुलांच्या वाचनाची सोय हा विषय निघतो.

अमेरिकन विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली काम करतानाचे व काम झाल्यानंतरचे, असे चिंतनाचे दोन प्रकार विशद केले. दुसऱ्यास सोबत्याची जोड मिळाल्यास ते अधिक फलदायी होते. आपली पाठ आपणांस दिसत नाही.

मात्र अशा संभाषणाचा गोपनीय अहवालाशी संबंध नसावा. नवीन शिक्षकास शिकविणाऱ्या ज्येष्ठ गुरुजींनीही ही सवय जोडावी. शिक्षक निर्भयपणे बोलला, तरच मुलाची अडचण उमगते.