पावसाळ्याआधी डिस्कची इमेज

चेलाडी फाट्याला सातारा रस्ता सोडायचा, नसरापूर, मार्गासनी, विंझर करत वेल्हे गाठायचं आणि तिथून केळद-मढे घाटाच्या वाटेला लागायचं. त्या वाटेवर पासली आहे. अशा गावातल्या सेवा केंद्राचा किंवा शाळेचा संगणक ऐन जुलैत बंद पडला, तर दुरुस्तीवाला बोलवायचा म्हणजे अख्खा दिवस जातो. नवी हार्ड डिस्क दुकानात मिळते, विंडोजही तासाभरात चढतं. खरा वेळ जातो तो पुढे: प्रिंटर आणि स्कॅनरचे ड्रायव्हर, अंगठा घेण्याच्या यंत्राचं सॉफ्टवेअर, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, श्रीलिपीसारखं मराठी टायपिंग, त्याचे जुने फाँट. यातलं निम्मं इंटरनेटवरून उतरवावं लागतं, आणि नेमकी तेव्हाच रेंज नसते. ही सगळी मांडामांड जशीच्या तशी परत आणते ती डिस्कची इमेज.

फाइलींची कॉपी आणि इमेज

पेनड्राइव्हवर फोल्डर उतरवला की कागदपत्रं वाचतात, विंडोज आणि प्रोग्रॅम वाचत नाहीत. इमेज घेणारं सॉफ्टवेअर अख्खं पार्टिशन वाचतं आणि त्यातला भरलेला भाग दाबून साठवतं. त्यामुळे 500 जीबीच्या डिस्कवर 80 जीबी भरलेले असतील, तर इमेज सहसा त्याहून लहानच होते. फोटो आणि व्हिडिओ मात्र आधीच दाबलेले असल्याने ते फारसे आकसत नाहीत.

हा प्रकार घरोघरी पोचवला तो घोस्ट या प्रोग्रॅमने. न्यूझीलंडच्या मरे हॅझर्ड यांनी तो लिहिला आणि 1998 मध्ये सिमँटेकने विकत घेतला. संगणक क्लासच्या कितीतरी लॅब एका यंत्राची इमेज बाकीच्यांवर चढवूनच उभ्या राहिल्या. घोस्टची घरगुती आवृत्ती आता विक्रीत नाही. मॅक्रियम आणि ॲक्रॉनिस ही तशीच सॉफ्टवेअरं पैसे घेतात. तैवानात तयार झालेला क्लोनझिला फुकट आणि मुक्त आहे. त्याचा पडदा जुनाट दिसतो, पण तो पेनड्राइव्हवरून इंटरनेटशिवाय चालतो. पासलीसारख्या ठिकाणी मी तोच सुचवेन.

न दिसणारी पार्टिशनं

आपल्याला सी आणि डी दिसतात. अलीकडच्या यंत्रांवर त्यांच्याखेरीज आणखी काही असतात: यंत्र सुरू करणाऱ्या फाइलींचं, बहुधा 100 एमबीचं ईएफआय पार्टिशन, 16 एमबीचं राखीव पार्टिशन आणि दुरुस्तीसाठीचं रिकव्हरी. फक्त सीची इमेज कोऱ्या डिस्कवर चढवली, तर सुरुवात कुठून करायची तेच यंत्राला कळत नाही. म्हणून पहिली इमेज अख्ख्या डिस्कची घ्यावी. पुढे अधूनमधून नुसत्या सीची घेतली तरी चालते.

आता एक सवय सोडायला हवी. आपल्याकडे दाखल्यांपासून ठरावांपर्यंत सगळं डेस्कटॉपवर पडलेलं असतं, आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे तिन्ही सीमध्येच असतात. मार्चमधली इमेज ऑगस्टमध्ये चढवली की मधल्या पाच महिन्यांच्या डेस्कटॉपवरच्या फाइली पुसल्या जातात. कामाचे फोल्डर डीमध्ये हलवले, तर सी बेधडक परत लावता येतो, डीला धक्का लागत नाही. अर्थात डिस्कच मेली तर डीही जातो, म्हणून डीची वेगळी कॉपी लागतेच.

इमेज घेताना

विंडोज आधी नीट बंद करावं. फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर बंद केलेलं विंडोज खरं अर्धवट झोपलेलं असतं आणि क्लोनझिला ते पार्टिशन घ्यायला नकार देऊ शकतो. ती सोय काढून टाकावी, चेकडिस्कने डिस्क तपासावी, मग पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करावं. मेनूत ‘डिव्हाइस-इमेज’ निवडायचं, बाहेरची हार्ड डिस्क जोडायची आणि ‘सेव्हडिस्क’ म्हणायचं. शेवटी इमेज तपासून पाहू का, असं तो विचारतो. तिथे कंटाळा करू नये, कारण खराब इमेज कळायची वेळ एरवी गरज पडल्यावरच येते.

जुन्या यूएसबी 2 जोडणीवर सेकंदाला साधारण 30 एमबी जातात, म्हणजे 60 जीबीला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ. निळं यूएसबी 3 भोक असेल तर तेच वापरावं.

नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का, ते आधी पाहावं. असेल तर क्लोनझिलाला आतलं वाचता येत नाही. तो रिकाम्या जागेसकट सगळं उचलतो आणि इमेज फुगते. बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून यंत्रापासून दूर ठेवावी.

इमेज त्याच डिस्कच्या डीवर ठेवणारे लोक भेटतात. डिस्क गेली की दोन्ही जातं. बाहेरची डिस्क काम संपताच काढून कोरड्या डब्यात ठेवावी. ती सतत जोडलेली राहिली, तर वीज कडाडली किंवा खंडणीखोर व्हायरस आला की तीही त्यात सापडते.

परत लावताना

इथे धोका चुकीच्या डिस्कचा. पडद्यावर सी, डी अशी नावं दिसत नाहीत, एसडीए, एसडीबी किंवा एनव्हीएमई अशी दिसतात. आकार आणि कंपनीचं नाव वाचून ओळखावं. क्लोनझिला पुसण्याआधी दोनदा होकार मागतो, तेव्हा हात आवरून वाचावं. ‘रिस्टोअरडिस्क’ने समोरच्या डिस्कवरचं सगळं जातं, ‘रिस्टोअरपार्ट्स’ने निवडलेलं पार्टिशनच बदलतं. नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी. 500 जीबीची इमेज 240 जीबीच्या एसएसडीवर सरळ बसत नाही, मग आत 60 जीबीच का भरलेले असेनात.

मध्येच वीज गेली तर अर्धवट लिहिलेली डिस्क सुरू होत नाही. इमेजमधून फक्त वाचन होत असल्याने तिला सहसा काही होत नाही, दिवे आले की पुन्हा पहिल्यापासून लावायचं. तरी हे काम इन्व्हर्टरवर केलेलं बरं.

डिजिटल सही मात्र इमेजमध्ये येत नाही. ती यूएसबी टोकनमध्येच असते, आणि टोकन हरवलं तर नवी सही काढावी लागते.