शेतांतील खापरें काय सांगतात?

काळी आणि पांढरी हे दोन शब्द महसुलाच्या दप्तरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची जागा. गांव उठून गेलें, घरें पडलीं, भिंतींची माती व चुलींची राख एकावर एक सांचत गेली, म्हणजे तेथें पांढरीचें टेकाड होतें. घाटावरील शेतकरी ही माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतांत नेत आले आहेत. तींत निघालेलीं खापरें बांधावर फेकलीं जातात.

आम्ही नोकरींत असतां अशाच खोदाईंत निघालेल्या एका मडक्याचा पंचनामा लिहिला होता. ‘मातीचें फुटकें भांडें, किंमत कांहीं नाहीं’ हे शब्द आमच्याच हातचे. १८७८ च्या निधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांवरील ठेव्याची वर्दी द्यावयाची असते. सोनें-नाणें नाहीं एवढी खात्री होतांच आमचें काम संपलें. भांडें किती खोल होतें, आंत काय होतें, हें टिपून ठेवण्याचें मनांतहि आलें नाहीं. ती चूक आतां बोचते, म्हणून हें लिहीत आहों.

लाकूड कुजतें, लोखंड गंजतें, तांबें वितळवून पुन्हां वापरतात. भाजलेली माती फुटते, पण नाहींशी होत नाहीं. आणि फुटकें मडकें कोणी चोरून नेत नाहीं. आमच्या कोंकणांत तर जांभ्याच्या आम्ल मातींत हाडेंहि टिकत नाहींत. तेथें खापर हाच साक्षीदार.

ही साक्ष वाचावयाची कशी? कांठाचा बोटभर तुकडा मिळाला तरी त्याच्या वळणावरून भांड्याच्या तोंडाचा व्यास काढतां येतो. आंतल्या बाजूस सारख्या रेघा असल्या तर भांडें चाकावर घडविलेलें. मोडलेल्या कडेंत मध्यभागीं करडा पट्टा दिसला तर भट्टींत आंच किंवा हवा कमी पडली असें बहुधा समजावें. शिवाय कांठ, मान, बूड व रंग यांची धाटणी काळाप्रमाणें बदलते.

संगमनेर तालुक्यांत प्रवरेच्या कांठीं जोर्वें गांव आहे. तेथें १९५०-५१ सालीं डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शां. भा. देव यांनीं उत्खनन केलें. तांबूस, चांगलीं भाजलेलीं, टिचकी मारल्यास खणखणणारीं, वर काळ्या रंगाची नक्षी असलेलीं हीं भांडीं पुढें नेवासें, दायमाबाद, इनामगांव अशा अनेक ठिकाणीं ओळखूं आलीं, आणि सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या त्या शेतकऱ्यांच्या संस्कृतीस या लहानशा गांवाचेंच नांव मिळालें.

शिरूर तालुक्यांतील इनामगांव येथें डेक्कन कॉलेजानें १९६८ ते १९८३ पर्यंत काम केलें. इ. स. पूर्वीं १४०० ते १००० या थरांत उत्तम रंगीत भांडीं, चौकोनी घरें व जवाचें पीक. त्यावरील ७०० पर्यंतच्या थरांत भांडीं जाडींभरडीं, नक्षी कमी, घरांच्या जागीं गोल झोंपड्या. पाऊस कमी होत गेल्यानें शेती खालावली, असें संशोधकांचें मत आहे. दुष्काळाचा कागद कोणीं लिहिला नव्हता. तो कुंभाराच्या हातानें लिहिला गेला. तेथेंच घराच्या जमिनीखालीं तोंडास तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेलीं तान्हीं मुलें सांपडलीं. तें वाचल्यावर आम्हांस आमच्या पंचनाम्याची फारच लाज वाटली.

वस्तु मोलाची असून जागा हरवली म्हणजे काय होतें, हें दायमाबादेस दिसतें. १९७४ सालीं एका शेतकऱ्यास झाडाचें मूळ खणतांना कांशाचे हत्ती, गेंडा, रेडा व बैलांचा रथ मिळाला; वजन साठ किलोहून अधिक. पण ते शास्त्रीय उत्खननांत, थर पाहून काढलेले नव्हते. म्हणून त्यांच्या काळाविषयीं वाद राहिला. थरांत मिळालेल्या खापरांचा काळ मात्र ठरला.

कोंकणचा किनाराहि रिता नाहीं. घारापुरीस भूमध्य समुद्राकडून मद्य-तेल घेऊन आलेल्या दोन कानांच्या उंच कुंभांचे तुकडे मिळाले आहेत. मिरजोळ्यास आम्ही कलमांसाठीं खड्डे खणतों, जेसीबीनें उतार सपाट करतों. घटकेंत दहा पिढ्यांचे थर एक होतात.

कित्येक जण जमीन जाईल या भीतीनें खापरें झांकून टाकतात. नुसतीं खापरें निघाल्यानें सातबारावरील नांव बदलत नाहीं. संरक्षित स्थळ ठरविण्यास शासनाची अधिसूचना लागते. तेव्हां जुनीं खापरें एके जागीं पुष्कळ लागलीं तर यंत्र थांबवावें व तहसील कचेरीमार्फत पुरातत्त्व खात्यास कळवावें. सुटलेले तुकडे आंतून घासून धुऊं नयेत, कारण अन्नाचा अंश चिकटलेला असूं शकतो. दोन खड्ड्यांतील तुकडे एकत्र करूं नयेत, आणि पिशवींत गट नंबर, खोली व तारीख लिहिलेली चिठ्ठी घालावी.