आतड्याचा पहिला घास

"आबा, ती बघा डुकरीण! नऊ पिल्लं!"

मोज, पण खडा मारू नकोस. नाकही मुरडू नकोस. त्या पिल्लांच्या पोटातलं ऐकलंस तर इथंच बसून राहशील.

माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं आईच्या पोटातच मिळतात. डुकराच्या पिल्लाला ती मिळतात पहिल्या दिवसाच्या चिकातून. मग ती आत घेणारं आतड्याचं दार मिटतं. मोठ्या वराहपालनांत तीन-चार आठवड्यांनी अंगावरचं दूध तोडतात, आणि नेमकी तेव्हाच हगवण लागते.

"कशानं?"

ई. कोलाय नावाच्या जंतूच्या काही जातींनी. त्यांच्या अंगावर बारीक केस असतात. शेतातून येताना तुझ्या परकराला गोखरू चिकटतं ना, तसे ते आतड्याच्या भिंतीला चिकटतात आणि विष सोडतात. मग पाणी नुसतं वाहत राहतं.

पण भिंतीवर बुळबुळ असते, भेंडी चिरताना तार सुटते तसली. जंतू तिच्यातच अडकतात. ही बुळबुळ विणायला थ्रिओनिन फार लागतं. प्रथिन म्हणजे माळ आणि अमिनो आम्लं तिचे वीस तऱ्हांचे मणी. त्यांतला हा सगळ्यांत शेवटी सापडलेला मणी, 1935 साली, अमेरिकेत विल्यम रोझ यांना. तोवर शुद्ध अमिनो आम्लांवर ठेवलेले त्यांचे उंदीर काही केल्या वाढत नव्हते.

गंमत पुढं आहे. पिल्लानं खाल्लेल्या थ्रिओनिनपैकी निम्म्याच्या आसपास आतडंच ठेवून घेतं. वाढणारीच आधी जेवली म्हण ना! मांस भरायला जातं ते उरलेलं. जंतू आले की बुळबुळ जास्त लागते, आणि पिल्लाची वाढ खुंटते.

आपल्या हुमनाबादच्या शिवारातल्या ज्वारीत लायसिन कमी, त्याखालोखाल थ्रिओनिन. तुरीची चुनी, सोयाबीनची पेंड घातली की ती उणीव बरीचशी भरून निघते.

"मग पेंडच द्यायची पोटभर!"

तिथंच फसतात लोक. न पचलेलं प्रथिन मोठ्या आतड्यात उतरतं आणि जंतूंची पंगत बसते. म्हणून जाणकार प्रथिन थोडं कमी ठेवतात आणि लायसिन, थ्रिओनिन वेगळं मिसळतात. वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालायला युरोपात 2006 पासून बंदी आहे. तेव्हापासून तर या हिशेबाला फारच किंमत आली.

आणि एखादं पिल्लू असं निघतं, की त्याच्या आतड्यावर त्या केसांना धरायला खुंटीच नसते. जन्मतःच नसते. भावंडं गळून पडलेली, अन् हे पठ्ठं शेपूट हलवत पेंडीत तोंड घालून!

"यातलं कुठलं ते?"

बघून नाही गं कळत.