ओटा फोडण्याआधी फरशी बघा

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षभरात तीन घरांतून मी एकच वाक्य ऐकलं: "ओट्याखालची जुनी वॉशिंग मशीन काढायची तर ग्रॅनाइट कापावाच लागेल." एका घरात तर खरंच कापला. मशीन भंगारात गेली आणि चांगला ओटाही.

नाही कापावा लागत. मशीन त्या जागेत शिरली तेव्हा ओटा होताच ना? मग आता ती अडते कशाला, हे कोणी वाकून बघतच नाही. फ्रंट लोड मशीनची उंची साधारण 85 सेंमी असते आणि ओट्याखाली जेमतेम बोटभर जागा उरते. पुढे कधीतरी स्वयंपाकघराचं नूतनीकरण होतं, फरशीवर फरशी बसते. टाइल आणि तिच्याखालचा थर मिळून सेंटीमीटरभर उंची वाढते. मशीन जुन्या फरशीवर, खड्ड्यात उभी राहते. पुढे हा उंबरठा, वर ग्रॅनाइटची खाली उतरलेली जाड पट्टी, आणि मशीन दोन्हींच्या मध्ये अडकते. मिस्त्री वर बघतो, कारण त्याच्या हातात कटर असतो. बघायचं खाली असतं.

आधी प्लग काढा, नळ बंद करा. पुढची स्कर्टिंगची पट्टी निघते, ती काढा. मशीनचे पाय म्हणजे स्क्रूच असतात. पान्याने लॉकनट सैल करून पुढचे दोन्ही पाय आत फिरवा, मशीन सेंटीमीटरभर तरी खाली बसते आणि ती उचलून उंबरठ्यावरून काढायला वर तेवढी जागा मिळते. पाय गंजले असतील तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर थांबा, घाई करू नका. एवढ्याने उंबरठा ओलांडता येत नसेल, तर मशीनसमोरच्या एक-दोन टाइल काढा. टाइल नवी बसते, कापलेला ग्रॅनाइट बेमालूम सांधता येत नाही. बाजूचा कडप्पा मात्र हलवू नका. "तो नुसता आडोसा आहे" हे दुसरं ठाम विधान मी ऐकलंय. वरच्या दगडाचा भार त्यावर असतो.

"मशीन कधीची बंद आहे, आत पाणी नसणार." असतं. पंपात आणि पाइपात लिटर-दोन लिटर राहतंच. खालच्या कोपऱ्यातल्या फिल्टरशी परात ठेवून ते आधी काढा.

"जड आहे ती मोटरमुळे." टबला बांधलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांमुळे. साठ-सत्तर किलो वजन एकट्याने ओढू नका.

"आडवी करून नेली तरी चालते." भंगारात जाणार असेल तर चालते. कुणाला वापरायला देणार असाल तर मागचे ट्रान्सपोर्ट बोल्ट लावा, नाहीतर हिसक्यांनी टबचं सस्पेन्शन जातं.

"आता फक्त भंगारवाला." ई-कचरा (व्यवस्थापन) नियम 2022 हे 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि वॉशिंग मशीन त्यांच्या यादीत आहे. ती नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे किंवा कंपनीच्या संकलन केंद्रात द्यायची असते.

मशीन निघाल्यावर मागे ड्रेनचं तोंड उघडं राहतं. त्याला त्याच संध्याकाळी बूच बसवा. झुरळं त्याच वाटेने येतात.