अंधारातले ६२४ कोटी

एक चौरस सेंटिमीटरचा सेंद्रिय प्रकाशसंवेदक घ्या. म्हणजे सिलिकॉनऐवजी कार्बनी रेणूंचा थर असलेला. तो काळ्या डब्यात बंद करा आणि त्याला उलट्या दिशेने एक व्होल्ट द्या. उजेड नाही, तेव्हा प्रवाह शून्य यायला हवा. तसा तो येत नाही. हा ‘डार्क करंट’ संवेदकागणिक बदलतो. हिशेबाला आपण एक नॅनोअँपिअर धरू. अँपिअरचा अब्जावा भाग, अगदीच किरकोळ! पण इलेक्ट्रॉन मोजायला बसलं की किरकोळपणा संपतो. सेकंदाला ६२४ कोटी.

येरमाळ्याच्या चैत्री यात्रेत येडेश्वरीचे लाखो भाविक चुन्याचे खडे वेचतात. समजा, एक लाख माणसांनी दर सेकंदाला एक खडा, क्षणभरही न थांबता वेचला. ६२४ कोटी खडे व्हायला १७ तास २० मिनिटं लागतील. संवेदक तेवढे इलेक्ट्रॉन एका सेकंदात मोजतो, तेही काहीच दिसत नसताना.

आता डबा उघडू. यात्रा पौर्णिमेची, तेव्हा स्वच्छ चांदणं ०.२ लक्स धरू. सगळा प्रकाश हिरवा मानला तर त्या एका चौरस सेंटिमीटरवर सेकंदाला सुमारे ८,२०० कोटी फोटॉन पडतात. इथे अंधाराचे ६२४ कोटी सहज खपून जातात. अमावास्येला मात्र नुसत्या ताऱ्यांचा उजेड साधारण ०.००१ लक्स, म्हणजे ४१ कोटी फोटॉन. एका फोटॉनमागे एक इलेक्ट्रॉन सुटला असं उदारपणे मानलं, तरी खऱ्या इलेक्ट्रॉनांपेक्षा फुकटचे पंधरापट!

हे फुकटे येतात कुठून? संवेदकाचा थर असतो जेमतेम १०० नॅनोमीटरचा. तेवढ्यात एक व्होल्ट म्हणजे मीटरला एक कोटी व्होल्ट. कोरडी हवा ३० लाखांतच फुटते आणि ठिणगी पडते. एवढ्या ताणाखाली इलेक्ट्रोडमधून नको ते विद्युतभार आत घुसतात, थरातल्या सूक्ष्म छिद्रांतून गळती होते. शिवाय रेणूंच्या मांडणीत जिथे खोट असते, तिथे इलेक्ट्रॉनांसाठी सापळे तयार होतात आणि नुसत्या उष्णतेने तिथून भार सुटत राहतात. २०२१ साली ड्रेस्डेनच्या संशोधकांनी दाखवलं की या प्रवाहात आणि त्याच्या गोंगाटात, म्हणजे चढउतारांत, सापळ्यांचा वाटा फार मोठा आहे. म्हणून उपायही तिन्ही आघाड्यांवर चालतात: इलेक्ट्रोडपाशी अडवणारे पातळ थर, मधला थर जरा जाड, आणि पदार्थ होता होईल तेवढा शुद्ध.

पण ६२४ कोटी हा आकडा मुळात शत्रू नाहीच, असं माझं मत आहे. तो ठाम राहिला असता तर सरळ वजा करून टाकला असता. इलेक्ट्रॉन मात्र रांगेत येत नाहीत, वाटेल तेव्हा टपकतात. वाल्टर शॉटकी यांनी १९१८ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे चढउतार येतो संख्येच्या वर्गमुळाएवढा, इथे सुमारे ७९ हजार. यात एक जाच आहे. डार्क करंट शंभरपट घटवला, तरी गोंगाट घटतो फक्त दहापट.

मग व्होल्टच दिला नाही तर? सरासरी प्रवाह थांबतो, पण जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये उलगडलेला उष्णतेचा गोंगाट उरतोच. संवेदकाचा अंतर्गत रोध दहा लाख ओहम असेल तर तो सुमारे १२९ फेम्टोअँपिअर. शंभर कोटी ओहम असेल तर ४. एक फेम्टोअँपिअर म्हणजे सेकंदाला साधारण ६,२४० इलेक्ट्रॉन. २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये जॉर्जिया टेकच्या बर्नार्ड किपेलेन यांच्या गटाने वाकवता येणारे सेंद्रिय संवेदक सादर केले, त्यांचा गोंगाट दोन आकडी फेम्टोअँपिअरमध्ये होता. बोटाभोवती अंगठीसारखा बसणारा नाडीमापकही त्यांनी त्यातून करून दाखवला.

प्रयोगशाळेत तापमान धरून ठेवता येतं. येरमाळ्यात एप्रिलची पहाट २५ अंशांची आणि दुपार ४०ची, यात नवल नाही. सिलिकॉनच्या डायोडचा ठोकताळा आहे, दर दहा अंशांना डार्क करंट दुप्पट. तोच इथे लावला तर पहाटेचे ६२४ कोटी दुपारी १,७६५ कोटींवर जातात. एकाच अंशाने ४५ कोटी वाढतात. अमावास्येच्या साऱ्या ताऱ्यांचे होते ४१.

यावर तोड म्हणून शेजारी एक जुळा संवेदक झाकून ठेवतात आणि त्याचा आकडा उघड्यातून वजा करतात. कॅमेऱ्यांच्या सेन्सरच्या कडेलाही असे झाकलेले पिक्सेल असतात. तापमान दोघांचं एकच, त्यामुळे ती वाढ वजाबाकीत निघून जाते. चढउतार मात्र दोघांचे आपापले, ते वजा न होता एकमेकांत मिसळतात, आणि पहाटेच्या ७९ हजारांचे १ लाख १२ हजार होतात.