कसारा घाट झोपेत जाऊ नये

लग्न असो, इलाज असो वा उमराहचे विमान गाठायचे असो, आम्हा जळगाव-धुळ्याच्या लोकांचा मुंबईचा प्रवास बहुधा रात्रीच्या गाडीने होतो. दिवस वाचतो, पण वाटेतले सर्वांत देखणे ठिकाण झोपेत निघून जाते.

हे ठिकाण म्हणजे कसारा घाट. 1865 मध्ये घाट चढून रूळ इगतपुरीला पोहोचले. येथे दर 37 फुटांमागे 1 फूट चढ आहे. म्हणून परतीच्या वाटेवर कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लावतात आणि ती गाडीला ढकलत वर नेतात. बोगदा आला की मुले ओरडतात. बाहेर पडताच दरी आणि पावसाळ्यात धबधबे.

त्रासही आहेच. बहुतेक लांबच्या गाड्यांसाठी धुळेकरांना आधी 56 किलोमीटरवरचे चाळीसगाव गाठावे लागते. गर्दीत आरक्षित जागेवरही दुसरेच कोणी बसलेले असते. वुजूला नळाचे पाणी मिळेलच असे नाही. एक बाटली वेगळी ठेवावी.

तिकीट 60 दिवस आधी काढता येते. 60 वर्षांवरील पुरुष व 45 वर्षांवरील स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा कोटा आहे. मात्र एका तिकिटावर दोघांपेक्षा जास्त प्रवासी नसावेत. म्हणून अम्मी-अब्बांचे तिकीट वेगळे काढावे.

आणि जाताना किंवा येताना, एक फेरी तरी दिवसाच्या गाडीने करावी. खिडकी मुलांना द्यावी, डबा घरचा घ्यावा. नातेवाइकांकडे चार तास उशिरा पोहोचलो तरी चालेल.